ख्रिस्तपुराणाचा श्रोता आणि उपवासकाळ

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाला मानाचे स्थान मिळाले आहे. परंतु ते मिळवून दिले ते ग्रंथातील अगदी थोड्या ओव्यांनी. मराठी भाषेची थोरवी गाणारा प्रारंभीचा भाग पाठ्यपुस्तकांतून, भाषणांतून आणि गौरवग्रंथांतून इतक्या वेळा उद्धृत झाला आहे की, सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ जणू त्या एका स्तुतीसाठीच रचला गेला असावा, असा सामान्य वाचकाचा ग्रह होतो. परक्या इंग्रज माणसाने मराठीवर केलेले प्रेम म्हणून त्याचे कौतुक करावयाचे आणि उरलेला ग्रंथ धर्मप्रचाराच्या खाती टाकून द्यावयाचा, ही रीतच पडून गेली आहे. या रीतीने ग्रंथकर्त्यावर अन्याय होतोच. पण त्याहून अधिक अन्याय होतो तो ज्यांच्यासाठी हे पुराण रचले गेले त्या श्रोत्यांवर. ख्रिस्तपुराण हे एकांतात वाचण्याचे काव्य नव्हे. ते साष्टीच्या देवळात, म्हणजे तेथील भाषेत इगर्जेत, जमलेल्या समुदायाने ऐकावयाचे श्राव्य काव्य आहे. त्याचे मूल्यमापनही तेथेच जाऊन केले पाहिजे. आणि त्यातही चर्चच्या वर्षातील ज्या काळाशी त्याच्या उत्तरार्धाचे सर्वांत निकटचे नाते आहे त्या उपवासकाळात.

ग्रंथाची प्रस्तावना या दृष्टीने फार बोलकी आहे. नुकताच ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूपुढे आपली अडचण मांडतो. ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी तर शिकून झाली; पण पूर्वीची पुराणे वाचण्यास मनाई आहे, मग फावल्या वेळी मनाला विरंगुळा व बोध देणारे असे काही आपल्याच भाषेत का असू नये, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. टीकाकारांनी हा प्रसंग बहुधा ग्रंथाच्या निर्मितीचे निमित्त म्हणून नोंदवून सोडून दिला आहे. वास्तविक संपूर्ण ग्रंथाची मनोभूमिका त्यात आहे. साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. तेथील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आला आणि त्याचे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. म्हणजे या पुराणाच्या पहिल्या श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरात आजोबांच्या तोंडची रामकथा अजून पुरती विसरली गेलेली नव्हती. श्रोता काही तरी नवे मागत आहे असे वरकरणी दिसते. खरे पाहता जे हिरावले गेले त्याची तो भरपाई मागत आहे.

उपवासकाळाचा, म्हणजे गोमंतकीय ख्रिस्ती ज्याला करेज्म म्हणतात त्या काळाचा, अर्थच मुळी त्याग हा आहे. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, रविवार वगळून, हे चाळीस दिवस मोजले जातात. ख्रिस्ताने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाचे ते स्मरण असून, त्या मोहप्रसंगाचा वृत्तांत या काळाच्या पहिल्याच रविवारी वाचला जातो. अरण्य, उपवास, तपस्व्याची परीक्षा पाहणारा मोह, यांतील काहीच साष्टीच्या श्रोत्याला परके नव्हते. परंतु येथेच एक विसंगती उभी राहते. करेज्मातला त्याग स्वेच्छेचा असावा लागतो. त्याशिवाय त्याला पुण्यही नाही आणि अर्थही नाही. या श्रोत्याने मात्र आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा त्याग आधीच केला होता, आणि तो त्याच्याकडून करविला गेला होता. पुढे १७३६ च्या धर्मसभेच्या फर्मानात एकादशीचा उपवास ख्रिस्त्यांना निषिद्ध ठरला, ही गोष्ट या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे. अन्न वर्ज्य करण्याची क्रिया एकच. पण तिथी कोणती यावरून ती पुण्याची की गुन्ह्याची हे ठरू लागले.

अशा फिर्गजेत, म्हणजे धर्मग्रामात, पवित्र सप्ताहात श्रोत्याच्या कानी काय पडत असेल? त्या काळच्या उपासनाविधीप्रमाणे ख्रिस्ताच्या यातनांची कथा त्या सप्ताहात चार वेळा वाचली जाई: झावळ्यांच्या रविवारी मत्तयाची, मंगळवारी मार्काची, बुधवारी लूकची आणि शुक्रवारी योहानाची. ही चारही वाचने लॅटिनमध्ये होत. समुदाय उभा राही, गुडघे टेकी, ज्या क्षणी ख्रिस्त प्राण सोडतो त्या क्षणी स्तब्ध होई. परंतु शब्द त्याला कळत नसत. कळत असे ते पुराण. चार शुभवर्तमानांतील प्रसंग एका सलग कथेत ओवून, ओळखीच्या छंदात, ‘दुसऱ्या पुराणा’ने ते त्याच्यापुढे ठेवले. केवळ भाषांतराची सोय म्हणून याकडे पाहणे अपुरे होईल. लॅटिन विधीने प्रसंगाचे गांभीर्य दिले, पुराणाने त्याचा अर्थ दिला. आणि या दोहोंमध्ये जो अर्थ श्रोत्याच्या हाती राहिला तो मराठी होता.

यातनाकथेचे स्टीफन्सचे निवेदन कोणत्या शिस्तीतून आले आहे हे पाहण्यासाठी तो येशूसंघी होता हे विसरता येत नाही. संघाचा संस्थापक इग्नेशियस याच्या आध्यात्मिक साधनेत एक संपूर्ण सप्ताह ख्रिस्ताच्या यातनांच्या चिंतनासाठी राखलेला आहे. साधकाने ते स्थळ डोळ्यांपुढे आणावे, तेथील माणसे पाहावीत, त्यांचे बोलणे ऐकावे, अशी त्या साधनेची रीत आहे. पण तो साधक एकटा असतो. त्याच्यापुढे फार तर एक मार्गदर्शक. स्टीफन्सने तीच रीत सामुदायिक श्रवणात आणली, आणि त्यासाठी त्याला मराठीत तयार साधन सापडले ते ओवीचे. पहिल्या तीन चरणांत यमकाने कथा पुढे सरकते आणि चौथ्या, आखूड चरणाशी ती क्षणभर थांबते. वेगवान प्रसंगात हा विसावा कधी कधी खटकतोही. यातनेच्या प्रसंगात मात्र तो विसावाच चिंतनाचे काम करतो. वर्णनाचा पाल्हाळ हा पुराणशैलीचा दोष म्हणून दाखविला जातो. हा आक्षेप पूर्वार्धातील कित्येक अवस्वरूंना खरोखर लागू पडतो. उत्तरार्धातील यातनेच्या भागाला तो तितकासा लागू पडत नाही, कारण तेथे लांबण हीच श्रोत्याची साधना आहे.

याहूनही महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे मधून मधून प्रश्न विचारणारा श्रोता. कथा चालू असता तो शंका काढतो आणि गुरू तिचे निरसन करतो. ही गुरुशिष्यसंवादाची पद्धत पुराणांचीच आहे. पण ख्रिस्ती उपासनेत ती अपूर्व म्हटली पाहिजे. विधीत समुदायाने द्यावयाची उत्तरे ठरलेली असतात. शंका घेण्यास तेथे जागा नसते. या पद्धतीचे मोल गोमंतकातील करेज्माच्या नंतरच्या परंपरेशी ताडून पाहिले म्हणजे कळते. तेथे या काळात मोटेट गाइली जातात. व्हायोलिन व क्लॅरिनेटच्या साथीत, लॅटिन अथवा कोंकणी शब्दांत, यातनेचा शोक त्यांतून असा उभा राहतो की, ऐकणारा हेलावून जावा. संगीत म्हणून मोटेट ही गोमंतकाची अस्सल निर्मिती होय आणि स्टीफन्सच्या ओवीला त्या श्रेणीचे माधुर्य साधलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु मोटेट शोक जागवते, विचारीत काहीच नाही. उत्तर कोकणासाठी फ्रान्सिस्कु वाझ द गिमराँइश याने रचलेले आणि १६५९ मध्ये लिस्बनला छापलेले पद्य तर आपल्या शीर्षकातच ख्रिस्ताच्या दुःखद मृत्यूचा विषय जाहीर करते. स्टीफन्सने यातनेला सृष्ट्युत्पत्तीपासून चालत आलेल्या कथेचा एक टप्पा म्हणून मांडले, आणि म्हणून त्याच्या श्रोत्याला रडण्याबरोबर ‘का’ असे विचारण्याचीही मुभा राहिली.

मुभा राहिली खरी. पण तिची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रश्न विचारणारा श्रोता हा कवीनेच उभा केलेला आहे आणि शेवटचा शब्द नेहमी पाद्रीगुरूचाच असतो. प्रारंभी त्याने मनाईचा उल्लेख केला, तो उल्लेखापुरताच. ती मनाई का, हा प्रश्न त्याच्या तोंडी येत नाही. ज्या माणसाचा ग्रंथ काढून घेतला त्यालाच नव्या ग्रंथाचे निमित्त बनवावे, यात कवीचे औदार्य आहे आणि सत्तेचा आत्मविश्वासही. शब्दयोजनेतही हेच दुहेरीपण आढळते. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यास कवी कचरत नाही. पण पवित्र आत्म्याचा उल्लेख तो ‘स्पिरितु सांतु’ असा पोर्तुगीजातच ठेवतो. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात अशा शब्दांच्या जागी बहुधा संस्कृत शब्द आहेत. मूळ पाठ कोणता हा वाद अभ्यासकांत झालेला आहे. तो कसाही सुटला तरी, श्रोत्याला किती आपलेसे वाटू द्यावे याविषयी पुराणाच्या दोन पाठांत दोन मते होती एवढे त्यातून सिद्ध होते.

१६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध आज्ञापत्र काढले. तत्पूर्वी १६४९ व १६५४ मध्ये पुराणाची आणखी दोन मुद्रणे झाली होती. त्यानंतरचे मुद्रण मंगळुरास १९०७ मध्ये सलढाणा यांच्या संपादनाने निघाले, तेही रोमन लिपीत. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी प्रत काढली, तेव्हा हा ग्रंथ प्रथमच मराठी विद्वानांच्या सहज हाती आला. त्यांनी तो भाषेसाठी वाचला. सात वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाव दिला आणि त्यानंतर पवित्र सप्ताहातील यातनावाचन गोव्यात कोंकणीत व वसईत मराठीत होऊ लागले. ज्या कामासाठी पुराण रचले गेले ते काम असे विधीनेच आपल्याकडे घेतले. प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्याला मात्र त्या वाचनात स्थान मिळाले नाही; तो अजून बंडेलूंच्या प्रतीतच आहे, भाषास्तुतीच्या ओव्यांपासून फार दूर नाही.