ताम्रपत्र्यावरील मुखचर्या

थोर पुरुषाचें चित्र दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलें, कीं त्याच्या मुखचर्येविषयींची आपली जिज्ञासा संपते. तें चित्र मूळ कोणीं मागविलें, कोणीं काढलें आणि मधल्या किती हातांतून तें आपल्यापर्यंत आलें, हें आपण सहसा विचारीत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आरंभकाळांतील कोरीव चित्रें पाहतांना मात्र हा प्रश्न टाळतां येत नाहीं. किंबहुना आमच्या मतें त्या चित्रांची परीक्षा तेथूनच सुरू झाली पाहिजे.

गिल्बर्ट स्टुअर्टनें १७९६ सालीं काढलेलें वॉशिंग्टनचें पूर्णाकृति चित्र घ्या. फिलाडेल्फियाचे धनाढ्य सिनेटर विल्यम बिंगहॅम व त्यांच्या पत्नी ह्यांनीं तें इंग्लंडांतील लॅन्सडाऊनच्या मार्क्विसांस नजर करण्याकरितां काढविलें. चित्र लंडनला गेलें, आणि तेथें जेम्स हीथ ह्या नामांकित कारागिरानें त्यावरून तांब्याचा पत्रा कोरून १८०० सालीं ठसे बाजारांत आणले. वॉशिंग्टनचें निधन १७९९ च्या डिसेंबरांत झालेलें. मग गिऱ्हाइकांची वाण कशी पडणार? स्टुअर्टची संमति कोणीं घेतली नव्हती, त्याच्या हातीं कांहीं लागलेंही नाहीं. आणि ठशाखालीं त्याचें नांवसुद्धां 'गॅब्रिएल स्टुअर्ट' असें छापलें गेलें!

कायद्याचें साह्यही तुटपुंजेंच होतें. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यानें नकाशे, तक्ते व पुस्तकें ह्यांस संरक्षण दिलें. कोरीव चित्रें त्यांत आलीं तीं १८०२ सालीं. त्याच सालीं, आपल्या वॉशिंग्टनच्या चित्राच्या नकला कँटनच्या कारागिरांकडून कांचेवर करवून आणणाऱ्या एका व्यापाऱ्यावर स्टुअर्टनें फिर्याद करून विक्रीस मनाई मिळविली. लंडनच्या हीथला मात्र तो काय करणार होता?

हीथच्या हस्तकौशल्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. वस्त्रांच्या घड्या, खुर्चीची नक्षी, खांब, पडदा, टेबलाखालचे ग्रंथ, सारें त्यानें बारीक रेघांनीं उठविलें आहे. पण स्टुअर्टचें सामर्थ्य होतें तें मनुष्याच्या त्वचेचा जिवंत वर्ण उतरविण्यांत, आणि नेमकें तेंच रेघांच्या जाळींत सांपडत नाहीं. मूळांतील इंद्रधनुष्याला तरी काळ्या शाईंत काय किंमत राहणार? उरतो तो थाट. राष्ट्राध्यक्ष दिसतो, मनुष्य दिसत नाहीं.

ह्याच्या अगदीं उलट टोंकाला सेंट-मेमिन. राज्यक्रांतीमुळें देशोधडीस लागलेला हा फ्रेंच सरदारपुत्र १७९३ सालीं अमेरिकेंत आला आणि १७९६ पासून पोटासाठीं चित्रें काढूं लागला. बसलेल्या मनुष्याची एका बाजूची पूर्णाकार बाह्यरेषा तो एका यंत्राच्या साह्यानें कागदावर उतरवी, ती खडूनें पुरी करी, आणि दुसऱ्या यंत्रानें ती लहान करून जेमतेम दोन इंच व्यासाच्या वर्तुळांत तांब्यावर कोरी. पुरुषांस २५ डॉलर, स्त्रियांस ३५. (हा भेद कां, हें आमच्या वाचकभगिनींनींच ठरवावें.) तेवढ्या दामांत मूळ चित्र, पत्रा व बारा ठसे गिऱ्हाइकाच्या स्वाधीन होत. म्हणजे आपली मुखचर्या ज्याची त्याच्याच घरीं राही! आठशेंहून अधिक लोकांनीं त्याच्याकडून चित्रें करविलीं. १८०४ सालीं खुद्द अध्यक्ष जेफरसन त्याच्यापुढें बसले.

ह्या कामास 'यंत्राची करामत' म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. एकामागून एक पाहूं लागलें, कीं तीं वर्तुळें एका साच्यांतलीं वाटतात, हें आम्हींही कबूल करतों. परंतु यंत्र देतें ती केवळ कडा. डोळ्यांतील पाणी, ओठांची मूठ, केसांची विस्कट, हें हातानेंच भरावें लागतें. सेंट-मेमिननें नाक सरळ केलें नाहीं, हनुवटी झांकली नाहीं. खांब नाहीं, पडदा नाहीं, त्यामुळें नजर चुकवायला जागाही नाहीं.

पुढें धंद्याची रीतच पालटली. प्रकाशक जोसेफ डेलाप्लेन हा थोर अमेरिकनांच्या चित्रांचा व चरित्रांचा संग्रह काढूं लागला, आणि १८१६ सालीं बास ओटिस ह्या चित्रकारास घेऊन मॉन्टिसेलोस गेला. जेफरसन तेव्हां त्र्याहत्तर वर्षांचे. आतां चित्र मागविणारा बसणारा नव्हे, चाहताही नव्हे, तर वर्गणीदारांची यादी खिशांत घेऊन फिरणारा प्रकाशक होता. तो संग्रह १८१८ नंतर चालला नाहीं. त्यांतील जेफरसनशेजारीं सेंट-मेमिनचें तें लहानसें वर्तुळ ठेवलें, तर आम्ही पुन्हां पुन्हां वर्तुळाकडेच वळतों.