बोलकं इंजिन, मुका वायू

हँडल मारून सुरू होणारं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन ही डोळ्यांपेक्षा कानांनी वाचायची रचना आहे. किर्लोस्करांचं एव्ही-वन घ्या. एकच उभं सिलिंडर, 80 मिलिमीटरचा बोअर, 110 मिलिमीटरचा स्ट्रोक, आतली जागा 553 घन सेंटिमीटर, मिनिटाला 1500 फेरे, थंड करायला पाणी. एवढ्या ऐवजावर त्याने दख्खनचे ऊस, कांदे आणि मळे भिजवले. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 साली पुण्यात निघाली. त्याच्या कितीतरी आधी याच घराण्याने 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ आणि 1930 मध्ये ‘स्त्री’ ही मासिकं काढली होती. लोखंडी नांगर आणि मासिकं एकाच किर्लोस्करवाडीतून बाहेर पडत. त्यातल्या मासिकांवर पुष्कळ लिहून झालं, इंजिनाच्या वाट्याला मात्र ग्रीस आणि शिव्याच आल्या.

या रचनेची सुरुवात सगळ्यात देखणी आहे. आधी टाकीत डिझेल, मग डिपस्टिक ओढून, पुसून, पुन्हा घालून तेलाची पातळी, मग थंड करायच्या पाण्याचा कॉक उघडा आहे ना, हे बघायचं. मग हेडवरचा डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलायचा. तो व्हॉल्व्ह किंचित उघडा धरतो, त्यामुळे पिस्टन वर येतो तेव्हा हवा कोंडत नाही, निसटून जाते आणि माणसाच्या हाताला फ्लायव्हील फिरवता येतं. हँडल दोन-चार फेऱ्यांत जड वाटेनासं होतं, फ्लायव्हील स्वतःच्या ओढीने पळायला लागतं, आणि नेमक्या त्या क्षणी लिव्हर सोडायचा. आता हवेला पळवाट नाही. साडेसोळा पट दाबली जाऊन ती 500 अंशांच्या वर तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं, त्यातलाच हा प्रकार. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा धुरळा फवारतं आणि तो ठिणगीशिवाय पेट घेतो. स्पार्क प्लग नाही, कॉइल नाही. लिव्हर सोडण्याच्या त्या अर्ध्या सेकंदात सगळी कला आहे. लवकर सोडला तर फ्लायव्हील दबावावर अडतं, कधी उलटंही फिरतं.

उलटं फिरलं की अंगठ्याचा प्रश्न येतो. जुने मेकॅनिक हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवतात, मुठीसारखा वळवत नाहीत. इंजिनाने उलटा झटका दिला तर बोटं आपोआप उघडतात आणि हँडल निसटतं. वळवलेला अंगठा मात्र त्याच्या वाटेत येतो, आणि मनगटासकट मोडतो. शिकवताना हे कुणी फारसं समजावून सांगत नाही. नवख्याच्या हातावर एक चापट बसते आणि धडा संपतो. हँडलची खाचही बघावी. इंजिन लागलं की ती हँडलला बाहेर ढकलते. खाच झिजली किंवा शाफ्टचं टोक गंजलं तर हँडल अडकून इंजिनासोबत गरगरतं, आणि मग त्याच्यापासून फक्त दूर पळायचं असतं, त्याला धरायला जायचं नसतं.

इंजिन लागल्यावर लय सुरू होते. चार स्ट्रोकांत एकदा स्फोट, म्हणजे 1500 फेऱ्यांना मिनिटाला 750 ठोके. इतके जवळ जवळ की त्यांची एकच घरघर होते. याच्या उलट तो जुना इंग्लिश लिस्टर, ज्याच्या नकला राजकोटच्या कारखान्यांनी वर्षानुवर्षं काढल्या. तो 650 फेऱ्यांचा, म्हणून मिनिटाला 325 ठोके, प्रत्येक सुटा ऐकू येणारा. ऐकायला लिस्टर जास्त गोड आहे, हे माझं मत. काम दोघांचंही चोख.

ही लय एकसुरी वाटते, पण तशी नसते. पंपाने पाणी पकडलं की आवाज खाली बसतो, भरदार होतो. पंपाने पाणी सोडलं की ओझं एकदम उतरतं, इंजिन क्षणभर वर पळतं आणि गव्हर्नर रॅक मागे खेचून त्याला पुन्हा जागेवर आणतो. बाभळीखाली डोळे मिटून पडलेला शेतकरी या बदलाने ताडकन उठतो आणि फूटव्हॉल्व्ह बघायला जातो. सिलिंडरमधली कोरडी टकटक, बेअरिंगचा खोल ठोका, टॅपेट ढिला झाल्याची टिकटिक, हेड गॅसकेट फुटल्याची फुसफूस, या चारांत कान फरक करायला शिकतो. त्यातला बेअरिंगचा ठोका ऐकू आला की भिजायचा राहिलेला वाफा तसाच ठेवून इंजिन बंद करावं. पुढच्या तासाभरात क्रँकशाफ्ट जाऊ शकतो.

धूर ही त्याची दुसरी भाषा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी: ओझं झेपत नाही, एअर क्लीनर तुंबलाय किंवा नोझल फवारण्याऐवजी गळतंय. निळा म्हणजे रिंगा झिजून इंजिन स्वतःचं तेल जाळतंय. सुरुवातीला थोडा पांढरा येतो, तो न जळलेल्या डिझेलचा. इंजिन तापल्यावरही पांढराच राहिला, तर नोझल, कॉम्प्रेशन किंवा सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी यांपैकी काहीतरी आहे. एवढं सरळ बोलणारं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

आतला सर्वांत नाजूक भाग बाहेरून ठोकळ्यासारखा दिसतो, तो फ्युएल पंप. त्याचा प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट काही मायक्रॉनची असते, म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी. म्हणून ही जोडी एकत्रच घासलेली असते आणि एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये चालत नाही. डिझेलच त्याचं वंगण. त्यात रॉकेलची भेसळ असली तर वंगण पातळ होतं, धुळीचा कण आला तर चरा पडतो. चाळून घेतलेलं डिझेल, वेळेवर बदललेला फिल्टर आणि टाकीच्या तळाचं पाणी मधूनमधून काढणं, यात पैसा वाचवायला जाऊ नये. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्यात डिझेल साठवू नये, जस्त त्यात उतरून पुढे नोझल तुंबवतं.

टाकी कोरडी पडली की पंपात एअर धरते, आणि मग कितीही हँडल मारलं तरी इंजिन लागत नाही, कारण हवा दाबली जाते, डिझेलसारखी पुढे ढकलली जात नाही. एअर काढायची रीतही वाचायची आहे. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा: आधी नुसती फुसफूस, मग बुडबुड्यांचं फेसाळ डिझेल, आणि शेवटी अखंड, काचेसारखी धार. तोवर स्क्रू आवळायचा नाही. मग पंपाचा, शेवटी नोझलच्या नळीचा नट. त्या टोकाला तोंड किंवा हात न्यायचा नाही. नोझलमधून डिझेल सुमारे 200 बारच्या दाबाने निघतं, टायरमधल्या दाबाच्या शंभरपट. ते कातडी भेदून आत शिरतं, बाहेर सुईच्या टोकाएवढंच छिद्र दिसतं आणि सुरुवातीला दुखतही नाही. अशा वेळी हळद लावून घरी बसायचं नाही, तासाभरात दवाखाना गाठायचा आणि आत डिझेल गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. नाहीतर बोट गमवावं लागतं.

तेल किती तासांनी बदलायचं ते पुस्तिकेत दिलेलं असतं, ते पाळावं. काळं पडलेलं तेल चालतंय म्हणून चालवू नये. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर हेड तडकतं. पट्ट्यावर चक्की किंवा कडबाकुट्टी चालवत असाल तर पट्ट्याला जाळी हवी, आणि पदर, उपरणं, मफलर, वेणी यांपैकी काहीही जवळ लोंबत नको. इंजिन बंद करायचं ते ओझं उतरवून, दोन मिनिटं मोकळं चालवून, डिझेल तोडून. डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून बंद करणारे व्हॉल्व्ह खराब करतात. आणि क्वचित, रिंगा झिजल्या किंवा एअर क्लीनरमध्ये तेल जास्त भरलं, तर इंजिन त्या तेलावर आपोआप सुसाट पळू लागतं. डिझेल तोडूनही थांबत नाही. तेव्हा सपाट लाकडी फळीने हवेचं तोंड झाकायचं, हाताने नाही, आणि फ्लायव्हीलच्या रेषेत उभं राहायचं नाही.

इतक्या गोष्टींबद्दल आधी सांगणारं हे इंजिन एका बाबतीत मुकं आहे, आणि नेमकी तिथेच माणसं मरतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आवाज नाही. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो हे खरं, पण विहिरीत तो दिलासा पुरत नाही. इंजिन विहिरीत का उतरतं, याचंही कारण भौतिकशास्त्रात आहे. पंप पाणी ओढत नाही, हवेचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीला ही मर्यादा 10.3 मीटर, पठारावर आणखी कमी, आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पलीकडे पंप नीट चालत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पंप खाली न्यावा लागतो, आणि पंपाला जोडलेलं इंजिन त्याच्यासोबत विहिरीच्या टप्प्यावर जातं. तिथे ते माणसाच्या श्वासातली हवा वापरतं आणि धूर तिथेच सोडतं. धुराड्याला पाइप जोडून वर काढला तरी सांधे गळतात.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पाय लुळे पडतात. शिडी चढता येत नाही हे कळेपर्यंत शिडी चढायची ताकद गेलेली असते. पेटता कंदील खाली सोडून बघायची जुनी रीत ऑक्सिजन कमी असेल तर ज्योत विझवते, पण कार्बन मोनॉक्साइड असताना ज्योत बिनधास्त जळत राहते. कंदिलावर विश्वास ठेवू नये. आणि खाली पडलेल्याला वर काढायला एकामागून एक उतरणारे भाऊ, मुलगा, शेजारी, हे सगळे त्याच वायूत उतरत असतात.

पाणी खाली गेलं तर पंपच खाली न्या: पाणबुडी पंप किंवा लांब पट्ट्यावरचा पंप. इंजिन वरच ठेवा. आणि विहिरीत कुणी पडलेला दिसला तर खाली न उतरता तोडता येत असेल तर डिझेल तोडा, वरून ब्लोअरने हवा सोडा, 112 किंवा 101 ला फोन करा, आणि श्वसनयंत्र लावलेला माणूस येईपर्यंत दुसऱ्या कुणालाही खाली उतरू देऊ नका.