अभ्यासक कुठे बसला होता?

रायगडच्या किनाऱ्यावर अभ्यासाला विषयांची वानवा कधीच नव्हती. कोळी, कातकरी, बेने इस्रायल, जंजिऱ्याचे सिद्दी, पोर्तुगीज वळणाची बोली जपणारे कोर्लईचे ख्रिस्ती. लिहिलेही बरेच गेले. मात्र ते लिहिणारा स्वतः बहुतेक पानांवर सापडत नाही.

ए. एन. वेलिंग यांचे कातकऱ्यांवरील पुस्तक १९३४ चे, विजया पुणेकरांचे मुंबईच्या सोनकोळ्यांवरील १९५९ चे. चालीरीतींची शिस्तशीर नोंद ही त्या पिढीची कमाई. पण अभ्यासकाने स्वतःबद्दल बोलू नये, हा तेव्हाचा दंडक. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी बेने इस्रायलांचा इतिहास १८९७ मध्ये लिहिला, तो छापला गेला १९३७ मध्ये. ते त्याच समाजातले. आडनावातच अलिबागजवळचे किहीम. आतल्या माणसाला काय सहज कळते आणि काय झाकून ठेवावेसे वाटते, हे त्यांच्या पुस्तकालाही विचारायला हवे.

मराठीत या प्रश्नाला खरा हात घातला तो ललित गद्याने. इरावती कर्वे संशोधनासाठी इतरांची शरीरे मोजत. पंढरीच्या वारीत मात्र त्या स्वतः चालल्या, आणि एकाच दिंडीत ब्राह्मण-मराठ्यांची जेवणे वेगळी होतात, याची बोच ‘वाटचाल’ या लेखात उतरली. अभ्यासकाचे शरीरही यातून सुटत नाही: दुर्गा भागवत मध्य भारतात आदिवासींमध्ये काम करताना विषारी सुरण खाऊन काही वर्षे अंथरुणाला खिळल्या. तिकडे पश्चिमेत मानवशास्त्रज्ञ मॅलिनॉस्कीची खासगी रोजनिशी १९६७ मध्ये त्याच्या पश्चात छापली गेली, तेव्हा त्याची चिडचिड आणि वासना वाचून मानवशास्त्र हादरले. आपण मात्र असे लेखन ‘आठवणी’ म्हणून बाजूला ठेवले.

किनाऱ्यावर अभ्यासकाला वगळण्याची ही चूक महागात पडते. होडीवर जातात ते पुरुष. विक्री आणि वाळवण बहुतांशी बायकांच्या हाती. पुरुष अभ्यासक होडीत चढतो, बोट लागून आडवा होतो, खलाशी हसतात आणि मग मोकळेपणी बोलू लागतात. पण मासळीवालीची उधारी-उसनवारी त्याच्या कानावर सहसा येत नाही. अभ्यासक बाई असेल तर तिला ओटा आणि बाजार मिळतो, समुद्र हुकतो. कातकऱ्याच्या घरचे पाणी तोंडाला न लावणाऱ्याला तिथे काय सांगितले जाईल, हे वेगळे सांगायला नको. शिवाय कॉलेजच्या सुट्ट्या! दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. उन्हाळी सुट्टीत गेलेल्याला वाडीत म्हातारेकोतारे भेटतात, आणि तेवढ्यावर ‘कातकरी समाज’ लिहिला जातो.

हल्लीच्या प्रबंधांत ‘संशोधकाची भूमिका’ असे एखादे पान असते. जात, लिंग, शिक्षण सांगितले की सुटका. पुढच्या प्रकरणांवर त्याचा परिणाम शून्य. दुसरे टोकही आहे: अभ्यासक स्वतःच्या घालमेलीत इतका रमतो की कोळीवाडा पार्श्वभूमीला उरतो. दोन्ही प्रकार सारखेच निरुपयोगी. ‘मी’ लिहायचा तो माहितीची मर्यादा दाखवण्यापुरता.

तेव्हा मार्गदर्शकांना एक विनंती: विद्यार्थ्याला प्रत्येक प्रकरणाबाबत विचारा, हे ऐकताना तू कुठे बसला होतास, सोबत कोण होते, काय खाल्लेस, आणि कोणत्या दारातून तुला परत फिरावे लागले? त्याचे उत्तर त्याच प्रकरणात येऊ द्या, प्रस्तावनेत नको.