गावठी कोंबडी आणि ‘रोगप्रतिकारशक्ती’

कुक्कुटपालनाच्या पुस्तिकांत आणि शालेय विज्ञान प्रदर्शनांतल्या तक्त्यांवर एक वाक्य हमखास भेटते : ‘देशी कोंबड्यांमध्ये रोगप्रतिकारशक्ती जास्त असते.’ कोणत्या रोगाविरुद्ध, हे मात्र त्यात नसते. सारा घोटाळा तिथेच आहे.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग घ्या. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो कुमाऊंमधील राणीखेत येथे आढळला, म्हणून आपल्याकडे हे नाव. आजच्या ब्रॉयलर कोंबड्या तेव्हा जन्मालाही आल्या नव्हत्या. तेव्हा हा ‘पोल्ट्रीवाल्यांचा रोग’ ही समजूत मुळातच चुकीची. याच्या विषाणूचा उग्र प्रकार लस न दिलेल्या गावठी कळपात शिरला, तर जवळजवळ सगळा कळप झोपू शकतो.

मग हा समज टिकतो कसा? अंगणात आपल्याला दिसते ती जगलेली कोंबडी. मेलेल्या कोणी मोजत नाही. शेडमध्ये हजार पक्षी मेले की बातमी होते. परसातले आठ-दहा गेले, तर घरच्या बाईचे हातखर्चाचे पैसे बुडतात आणि नोंद कुठेच होत नाही. शिवाय ऊन सोसणे, मिळेल ते टिपून खाणे, घारीपासून पिले राखणे हा काटकपणा खरा आहे. पण विषाणूला त्याचे काय?

आनुवंशिक प्रतिकार असतोच. मारेक रोगाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. प्रतिकारसंस्थेच्या जनुकांचा ‘बी-२१’ हा संच असलेल्या कोंबड्या या रोगाला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत; ‘बी-१९’ असलेल्या लवकर बळी पडतात. गंमत अशी की, हे दोन्ही संच व्हाइट लेगहॉर्न या एकाच विदेशी जातीत सापडतात. म्हणजे फरक देशी-विदेशीचा नाही, जनुकांचा. आणि तोही एका रोगापुरता.

तक्त्यातले ते वाक्य निरुपद्रवीही नाही. ते वाचून लस टळते. लासोटा लसीचा थेंब पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात घालतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी टोचतात. लसीने मरण बहुतांशी टळते, विषाणूचा शिरकाव मात्र पूर्ण थांबतोच असे नाही. खरी अडचण वेगळीच आहे : लसीची कुपी शेकडो पक्ष्यांची, थंड ठेवावी लागणारी, आणि घरात कोंबड्या दहा. ऑस्ट्रेलियात तयार झालेली, उष्णता बऱ्यापैकी सोसणारी ‘आय-२’ लस आफ्रिकेतील खेड्यांत वापरली गेली, ती याच अडचणीपोटी.