अद्भुतरम्य कादंबरी आणि पलायनाचा आरोप

ज्या पुस्तकापासून काही बोध होत नाही ते वाचण्यात वेळ का दवडावा, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या, १८६१ साली हळब्यांची ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली, तेव्हापासून मराठी वाचकाला अद्भुताची गोडी लागली. आणि जाणत्या लोकांनी त्या गोडीबद्दल त्याला दोष द्यावयास फार उशीर केला नाही. पुढे हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीला घरातले, माजघरातले दुःख बोलावयास शिकविले. त्यायोगे वास्तवाची प्रतिष्ठा वाढली, हे योग्यच झाले. मात्र त्याच वेळी अद्भुताची रवानगी मुलांच्या कपाटात झाली आणि प्रौढ वाचकाने ते कपाट उघडले की त्याच्यावर ‘पलायनवादी’ असा शिक्का बसू लागला. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांच्या नावांशी निगडित असलेला वाद आता केवळ परीक्षेपुरता उरला आहे. पण त्या काळी जो शब्द शस्त्रासारखा वापरला जाई तो अद्यापि बोथट झालेला नाही.

मी स्वतः तो शब्द वर्गात पंचवीस वर्षे वापरीत आलो आहे. तेव्हा आज त्याच्याविरुद्ध लिहावयाचे तर त्याचे कारण प्रथम सांगितले पाहिजे.

गतवर्षी पावसाळ्यात माझे वडील रुग्णालयात होते. रात्री त्यांच्या उशाशी बसण्याची पाळी माझी असे. एका रात्री घाईत पुतण्याची पिशवी उचलली गेली आणि तीत माझ्या पुस्तकाऐवजी त्याचे पुस्तक निघाले. ते होते उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेचे ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. १९६८ साली हे पुस्तक प्रथम निघाले, ते वाढत्या वयाच्या मुलांसाठी म्हणून. पहिले पान मी केवळ जागे राहण्यासाठी उलटले. त्यानंतर तीन तास मी त्या खोलीत नव्हतो. परिचारिका येऊन गेली तेही मला समजले नाही. पहाटे पुस्तक मिटले तेव्हा मनात पहिला विचार आला तो शरमेचा: वडील असे निजलेले असताना मला आनंद झाला होता, आणि तोही निर्भेळ. हा आनंद म्हणजे कर्तव्यापासून पळ काढणे होते काय, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम त्या आनंदाचे स्वरूप पाहू. अर्थसी हे असंख्य बेटांचे जग आहे. लेखिकेने कथेच्या आधी त्याचा नकाशा काढला होता, आणि तो आधी काढलेला आहे हे पानोपानी जाणवते. गॉन्ट नावाच्या डोंगराळ बेटावरील शेळ्या राखणारा एक पोर हा नायक. त्याची मावशी गावठी चेटकीण. तिच्यापाशी तो पहिले मंत्र शिकतो. पुढे ओगिअन नावाचा मितभाषी मांत्रिक त्याला शिष्य करून घेतो, आणि नंतर रोक बेटावरील मांत्रिकांच्या विद्यालयात तो जातो. अशा विद्यालयाची कल्पना आज जगभरच्या मुलांना ठाऊक आहे. परंतु रोलिंगबाईंचे पहिले पुस्तक १९९७ सालचे, म्हणजे त्यानंतर एकोणतीस वर्षांनी आलेले, हे ध्यानात ठेवावे.

या जगातील जादू नियमबद्ध आहे. प्रत्येक वस्तूला प्राचीन भाषेत एक खरे नाव असते. ते ज्याला कळले त्याची सत्ता त्या वस्तूवर चालते. म्हणून माणसे आपले खरे नाव जपून ठेवतात व व्यवहारात दुसरे वापरतात. तेराव्या वर्षी मुलाला थंडगार पाण्यातून चालवीत नेऊन ओगिअन त्याचे ‘गेड’ हे नाव त्याच्या कानात सांगतो, तेव्हा बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगताना ज्याने पाहिले आहे अशा वाचकाला तो प्रसंग परका वाटत नाही. दुसरा नियम समतोलाचा. एका ठिकाणी पाऊस थांबविला तर त्याचा परिणाम दुसरीकडे होणारच. म्हणून ओगिअन समर्थ असूनही पावसाला अडवीत नाही. देवदाराखाली जाऊन मुकाट्याने पडून राहतो, आणि शिष्य मात्र ओलाचिंब होऊन चरफडत बसतो. सामर्थ्य म्हणजे काय याविषयी एवढ्या थोडक्यात इतके सांगणारा प्रसंग मला अलीकडच्या वास्तववादी कादंबऱ्यांतही क्वचितच आढळला आहे.

निवेदनाची रीत बखरीच्या जवळची आहे. नायक पुढे थोर मांत्रिक होणार हे लेखिका आरंभीच सांगून टाकते. तो वाचेल की नाही, ही चिंता त्यामुळे उरत नाही. तो कसा होईल, ही उत्सुकता मात्र राहते. वाक्ये आखूड व नितळ आहेत. वर्णनाचा सोस नाही. नाव, शीड, धुके, खारे पाणी यांची नावे ती अशा बेताने घेते की वाचकाला बोटांना दोर लागल्यासारखा वाटतो. या मोहिनीचे रहस्य चमत्कारात नाही. कल्पिलेले जग लेखिकेने मनापासून खरे मानले आहे, यात आहे.

आता आरोपाकडे वळू. टोल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज येथील व्याख्यानात, जे १९४७ साली विस्ताराने छापले गेले, एक महत्त्वाचा भेद दाखविला: कैद्याची सुटका आणि शिपायाने रणांगण सोडणे या दोन गोष्टी टीकाकार एकच समजतात. हा भेद मार्मिक आहे, पण त्याने माझे समाधान झाले नाही. त्या रात्री मी कैदी नव्हतो. मला तेथे कोणी कोंडले नव्हते. मीच राहिलो होतो, आणि मला तेथेच राहावयाचे होते.

मला अधिक जवळचा वाटतो तो आपल्या भाषेतील माहेर हा शब्द. सासुरवाशीण माहेरी जाते तेव्हा ती पळून गेली असे कोणी म्हणत नाही. ती काय शिकून आली, असेही कोणी विचारीत नाही. चार दिवस तिच्यावर कसला भार नसतो, आणि ओटी भरून घेऊन ती परतते. परतणे हे त्यात गृहीतच आहे. आपल्या संतांनी पंढरीला माहेर म्हटले, त्यांनीही संसाराला पाठ दाखविली असा त्याचा अर्थ नव्हे. अद्भुताचे वाचन हे प्रौढ मनाचे असे माहेर आहे. त्याची उपयुक्तता सिद्ध करीत बसणे म्हणजे माहेराहून आलेल्या मुलीला हिशेब मागण्यासारखे आहे. ले ग्विनबाईंनीही १९७४ साली अमेरिकन प्रौढांना ड्रॅगनांचे भय का वाटते, या विषयावरील निबंधात असल्या हिशेबी वृत्तीचाच समाचार घेतला होता.

गंमत अशी की हे पुस्तकच पळण्याविषयी आहे. विद्यालयात जॅस्पर नावाच्या सहाध्यायाशी ईर्ष्येने स्पर्धा करताना गेड मृताला बोलावतो, आणि त्या फटीतून एक काळी छाया जगात शिरते. ती त्याच्या मागे लागते. तो जितका पळतो तितकी ती बळावते. अखेर ओगिअन त्याला मागे वळून तिचाच पाठलाग करावयास सांगतो. शेवटी समुद्राच्या पैल टोकाला, वेच या मित्राच्या साक्षीने, गेड तिला कोणत्या नावाने हाक मारतो ते मी येथे सांगत नाही. ज्याने पुस्तक वाचले नाही त्याचा आनंद हिरावून घेणे टीकाकाराला शोभत नाही.

आणखी एक प्रसंग मात्र सांगितला पाहिजे. एका नावाड्याचे मूल तापाने मरत असते. मरणाऱ्याला अडवू नये, हा वैद्यकीचा धडा गेड शिकलेला असतो. तरी मित्राच्या मायेने तो मुलाच्या जिवामागे अंधाऱ्या उतारावर फार दूर जातो. मूल परत येत नाही. तो स्वतः मोठ्या कष्टाने परततो. हे मी वाचले तेव्हा बाजूच्या खाटेवर वडिलांचा श्वास ऐकू येत होता. मी त्या प्रसंगाच्या शोधात गेलो नव्हतो. तो भेटला म्हणून माझे वाचन सार्थकी लागले, असेही मी म्हणणार नाही. तो भेटला नसता तरी त्या तीन तासांचा आनंद मला नाकारता आला नसता.

पुस्तकात दोष नाहीत असे नाही. रोकच्या विद्यालयात स्त्रियांना स्थान नाही; गावठी चेटकीण अज्ञानी आणि किल्ल्यातील सुंदरी कपटी, एवढ्यावरच स्त्रीपात्रांची बोळवण बव्हंशी झाली आहे. लेखिकेला हे पुढे स्वतःलाच सलले असावे. १९९० सालच्या ‘टेहानू’त ती त्याच जगाकडे स्त्रीच्या नजरेने परतली. ऑस्किल बेटावरचा भागही उरकल्यासारखा वाटतो. उलट, नायक तांबूस सावळा व त्याचा जिवलग काळा, गोरे ते लुटारू, ही योजना १९६८ साली धाडसाची होती आणि लेखिकेने तिचा कोठेही गाजावाजा केलेला नाही.

वडील त्यानंतर तीन आठवड्यांनी गेले. त्या काळात मी या मालिकेतील पुढची दोन पुस्तकेही रात्री वाचली आणि सकाळी त्यांना चहा पाजला. या दोन गोष्टींत विरोध आहे असे मला आता वाटत नाही. वर्गात मात्र ‘पलायनवाद’ हा शब्द आला की मी क्षणभर थांबतो, आणि कोण कोठून पळत आहे व परत केव्हा येणार आहे, हे आधी विचारतो.