निर्विकार मुख आणि उपरोध : बस्टर कीटनच्या लघुपटांतील भूमिका

भरताने हास्यरसाचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद मानले आहेत. स्वतः हसणे हा पहिला, दुसऱ्यास हसविणे हा दुसरा. अमेरिकन मूकपटांतील नट बस्टर कीटन याने दुसऱ्याचाच आश्रय केला. त्याच्या निर्विकार मुखाला केवळ लकब मानण्याचा मोह होतो. परंतु एडवर्ड क्लाइन याच्यासह दिग्दर्शित केलेल्या त्याच्या लघुपटांत ती उपरोधाची रीतच असल्याचे दिसते.

'वन वीक' (१९२०) मधील नवविवाहित नायकास पेट्यांत भरलेले, सुट्या भागांचे घर भेट मिळते. प्रतिस्पर्धी पेट्यांवरील क्रमांक गुपचूप बदलतो. नायक त्या क्रमांकांबरहुकूम घर उभारतो, आणि ते वेडेवाकडे होते. अखेरीस आगगाडी त्याचा चुराडा करते. तेव्हा नायक 'विकणे आहे' अशी पाटी लावून तिला सूचनापत्रकही जोडतो. छापील सूचनेवरील यंत्रयुगाची श्रद्धा येथे उघडी पडते, ती त्याच्या बंडामुळे नव्हे, तर आज्ञाधारकपणामुळे.

'कॉप्स' (१९२२) मध्ये पोलिसांच्या संचलनात त्याची सामानाची गाडी शिरते. वरून येऊन पडलेल्या बाँबच्या वातीवर तो शांतपणे सिगारेट पेटवितो, आणि बाँब दूर फेकतो. मग साऱ्या शहराचे पोलीस त्याच्या मागे लागतात. शेवटी थडग्यावर त्याची टोपी तेवढी दिसते. शासनयंत्रणेविरुद्ध तो अवाक्षर काढीत नाही. त्याच्या चेहऱ्यावर रोष उमटला असता, तर निवाडा नटानेच दिला असता. तो न उमटल्यामुळे निवाड्याचे ओझे प्रेक्षकावर पडते.

याउलट 'द फ्रोझन नॉर्थ' (१९२२) हे विल्यम एस. हार्ट या नटाच्या पश्चिमपटांचे विडंबन आहे. येथे कीटन हार्टप्रमाणे अश्रू ढाळतो. हार्टचे चित्रपट ज्याने पाहिलेले नाहीत, त्याला त्या अश्रूंचे मर्म कळणे कठीण. विडंबनास मूळ कृतीचा परिचय लागणारच, असा आक्षेप यावर घेता येईल. परंतु 'वन वीक'लाही फोर्ड मोटर कंपनीच्या 'होम मेड' (१९१९) या माहितीपटाची पार्श्वभूमी होती. ती ठाऊक नसतानाही आपण हसतोच. व्यक्तीची नक्कल व्यक्तीबरोबर विस्मृतीत जाते. व्यवस्थेचे निमूट पालन करून दाखविणारा उपरोध मात्र ती व्यवस्था आहे तोवर टिकतो. कीटनचा अभिनय मुखात नव्हे, या पालनात शोधला पाहिजे.