ओरेम यांचा स्वपरिचर्या सिद्धान्त आणि प्रत्यक्ष रुग्णसेवा : एक चिकित्सा

अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ डोरोथिया ओरेम यांनी १९७१ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेला स्वपरिचर्येचा सिद्धान्त परिचर्या महाविद्यालयांत आवर्जून शिकवला जातो. माणूस स्वतःची निगा स्वतः राखतो. आजारपणात ही क्षमता गरजेला अपुरी पडते. जेवढी उणीव, तेवढेच परिचारिकेचे काम, हे त्याचे सूत्र होय. परिचारिकेने रुग्णाचे सर्व काही करावे, काही करावे, किंवा केवळ शिकवून आधार द्यावा, अशा तीन पद्धती त्यातून निघतात. रुग्णाला निव्वळ परावलंबी न मानणारी ही दृष्टी मोलाची आहे.

तथापि आपल्याकडे रुग्णाला भरवणारी, अंग पुसणारी, रात्री उशाशी बसणारी व्यक्ती बहुधा त्याची आई, पत्नी किंवा सून असते. ओरेम यांनी अशा व्यक्तीचा विचार केलेला आहे. विद्यार्थिनींच्या परिचर्या-आराखड्यात मात्र तिला क्वचितच स्थान मिळते. सुनेचे श्रम परिचारिकेच्या रकान्यात जातात आणि आराखडा कागदावर पूर्ण होतो!

याहून मूलगामी प्रश्न खंडाळा तालुक्यातील नायगावच्या कन्येमुळे उभा राहतो. ३ जानेवारी १८३१ रोजी तेथे जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगमध्ये, डॉक्टर असलेले दत्तक पुत्र यशवंत यांच्या हडपसरजवळील दवाखान्यात रुग्णसेवा केली. मुंढव्याच्या गावकुसाबाहेरील वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून तेथे आणले. संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. दवाखान्यातील शुश्रूषा ओरेम यांच्या पहिल्या पद्धतीत सहज बसते. पण पाठीवर घेणे कोठे बसवावयाचे? तेथील उणीव केवळ मुलाच्या क्षमतेची नव्हती. अशा मुलाला स्पर्श कोण करणार, हाही प्रश्न होता.

कुटुंबव्यवस्था, उपलब्ध साधने, सामाजिक पार्श्वभूमी हे घटक ओरेम यांनीही नोंदवले आहेत. आराखड्यात ते वय व उत्पन्नाच्या ओळींत अडकतात आणि निदानापर्यंत पोहोचत नाहीत. मधुमेही शेतमजूर स्त्रीच्या पायाला जखम झाली, की ‘ज्ञानाचा अभाव’ असे लिहून तिला पाय तपासण्यास व वेळेवर जेवण्यास शिकवले जाते. घरातील सर्वांची जेवणे उरकल्यावर ती जेवते आणि पायांत चप्पल नसताना शेतात उतरते, हे विचारले गेले तर निदान बदलेल. मग शिकवणीच्या वेळी तिच्या पतीला व सासूलाही बोलवावे लागेल आणि चपलेची सोय आराखड्यात लिहावी लागेल.